इंजिनघरातला मे महिना

दिनांक १९ मे २०२४, वार रविवार, वेळ दुपार कलण्याची. स्थळ: पन्हाळ्याच्या पूर्वेकडील डोंगरसोंडेखाली, करंजओढा अडवून केलेल्या तलावाचा पश्चिम काठ. या काठावर दगडी भिंतींची आणि पत्र्याच्या छपराची एक मोठी खोली उभी आहे. तिच्या दाराशी ओणवे होऊन भूपाल मगदूम हे एकोणऐंशी वर्षांचे गृहस्थ कुलपाशी झटत होते, आणि त्यांचे कुटुंब मागे उभे राहून त्यांना सल्ला देत होते.

“अण्णा, किल्ली उलटी घातलीया तुमी,” मुलगा जिनेश म्हणाला.

अण्णांना ऐकू आले नाही. जिनेशने तेच वाक्य पलीकडच्या काठावर पोचेल अशा आवाजात पुन्हा म्हटले.

“किल्ली सरळ हाय. कुलूप उलटं हाय,” अण्णा म्हणाले. “गेल्या साली तू लावलंतंस.”

मोटारीच्या उघड्या दारातून पाय बाहेर सोडून बसलेल्या पद्मावतीबाई लेकीकडे वळल्या. “जन्मभर लोकांचे माग दुरुस्त केले, आन एका कुलपाफुडं हात टेकले. रूपाली, तेलाची बाटली दे त्यांना. भाजीच्या तेलाची न्हवं, दिव्याच्या.”

तेल पडताच कुलूप उघडले. हे कुलूप आज मगदुमांच्या हातून शेवटचे उघडायचे होते; निदान जिनेशने, रूपालीने आणि पद्मावतीबाईंनी तसे ठरवले होते. पन्हाळ्यावर दोन हॉटेले चालवणारा विजयसिंह नावाचा माणूस तलावाकाठी तंबूंचे मुक्कामस्थळ उभारणार होता, त्याला ही जागा हवी होती, आणि तो पाच वाजता होकार घेण्यासाठी येणार होता. तो होकार ज्यांनी द्यायचा त्या अण्णांनी मात्र गेले तीन महिने होय म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. कोणी विषय काढला की ते “आँ?” म्हणत. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान निम्मे गेलेले असल्यामुळे हा “आँ” खरा किती आणि सोयीचा किती, याचा निवाडा घरात कोणालाच करता आला नव्हता.

या खोलीला कोणी कधी घर म्हटले नाही, बंगला तर नाहीच. तिचे नाव इंजिनघर. अण्णांच्या चुलत्यांची तलावालगत उसाची पट्टी होती, आणि वीज येण्यापूर्वी त्या पट्टीला पाणी पाजणारे डिझेल इंजिन या खोलीत धडधडत असे. वीज आली, इंजिन भंगारात गेले, आणि चुलत्यांनी रिकामी खोली पुतण्याला दिली. तिच्या मधोमध इंजिनाचा सिमेंटचा चौथरा तेवढा राहिला, आणि चौथऱ्यातून वर आलेले चार बोल्ट राहिले. तो फोडून टाकावा असा ठराव दर मे महिन्यात होई, आणि ठराव झाल्यावर त्याच चौथऱ्यावर ताटे मांडली जात. घरातल्या प्रत्येकाच्या पायाचा अंगठा त्याच्यावर एकदा तरी ठेचलेला होता. बोल्ट चौघांनी वाटून घेतले होते. ज्याच्या त्याच्या बोल्टला ज्याची त्याची टोपी, टॉवेल, कैऱ्यांची पिशवी.

“हा दाराकडचा माझा,” आत शिरताच जिनेश म्हणाला. चाळिशी ओलांडलेला, कोल्हापुरात फरश्यांचे दुकान असलेला हा गृहस्थ त्या गंजक्या बोल्टवर हात ठेवून उभा राहिला.

“तुझा खिडकीकडचा,” त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली, सांगलीच्या शाळेत गणित शिकवणारी रूपाली म्हणाली. “दाराकडचा माझा हुता. तू त्याच्यावर पडून दात पाडून घेतलास, म्हणून तुला वाटतंय तुझा.”

“दात माझा पडला म्हणजे बोल्ट माझाच की.”

“असं असतं तर दवाखाना सगळ्या गावाचा झाला असता.”

उन्हाळ्याची सुट्टी थंड हवेच्या ठिकाणी घालवावी, असे सांगणारे लोक इचलकरंजीत त्या काळीही होते. अण्णा त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकत आणि बायकामुलांना घेऊन या तापलेल्या पत्र्याखाली येत. यात काटकसर नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु केवळ काटकसर होती असे म्हणणेही तितकेच खोटे ठरेल. अण्णा जॉबर होते. माग बिघडला की तो नीट करून देणारा कारागीर तो जॉबर. त्यांची खोली मागांच्या शेडवरच होती. मे महिन्यात निम्मे कामगार लग्नकार्यासाठी आपापल्या मुलखाला जात, निम्मे माग उभे राहत, आणि तेवढ्यापुरती अण्णांना सुट्टी मिळे. त्यांना हवी होती ती थंड हवा नव्हे. त्यांना गप्प हवा हवी होती.

मुलांना ती आरंभी सोसत नसे. जन्मापासून मागांच्या ठेक्यावर झोपलेली ती पोरे. इंजिनघरात पहिल्या दिवशी अंथरुणावर पडली की जिनेश रडू लागे. काय होतेय ते त्याला सांगता येत नसे. मग अण्णा पत्र्याची ट्रंक जवळ ओढत आणि तिच्यावर बोटांच्या पेरांनी मागाचा ठेका धरीत: खटक-खट, खटक-खट. त्यावर दोन्ही पोरे झोपी जात. तिसऱ्या दिवसापर्यंत ट्रंकेची गरज संपे, आणि त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडे. अण्णांचा आवाज उतरे. शेडमध्ये ओरडल्याशिवाय बोलणे नाही, त्यामुळे घरीही ते ओरडूनच पाणी मागत आणि ओरडूनच लाड करीत. इंजिनघरात मात्र तिसऱ्या दिवसापासून ते इतके हळू बोलत की मुलांना वाटे, कोणी पाहुणाच आला आहे. आपला बाप रागीट नाही, हे त्या दोघांना वर्षातून एकदा, मे महिन्यात कळत असे.

बाकीचा दिनक्रम पद्मावतीबाईंच्या ताब्यात, आणि तो जैन घराचा. तलावाचे पाणी दुपदरी फडक्यातून गाळायचे, आणि फडक्यावर राहिलेले अदृश्य जीव त्याच तलावात, त्याच काठाला, हलक्या हाताने परत सोडायचे. हे काम त्यांनी मुलांवर कधी सोपवले नाही, कारण जिनेशने एकदा ते जीव ओढ्यात सोडून “तेवढंच फिरून येतील” असे उत्तर दिले होते. बाजेखाली अढीत आंबे पिकत. पाठीला रिकामा डबा बांधून रूपाली पोहायला शिकली. आणि सूर्य मावळल्यावर कोणी अन्नाला शिवायचे नाही.

या शेवटच्या नियमाने या कुटुंबाची सर्वांत मोठी अडचण केली. घरी इचलकरंजीत सूर्य कोठे मावळतो याची कोणाला चिंता नसे. भिंतीवरचे कॅलेंडर सांगे तो सूर्यास्त. परंतु इंजिनघराच्या पाठीशीच डोंगर. कॅलेंडरातल्या सूर्यास्ताच्या कितीतरी आधी सूर्य सोंडेमागे जाई आणि अंगणात सावली येई. मग प्रश्न असा: हा सूर्यास्त आहे की नाही? अण्णांचा पक्ष असा की नाही. समोरच्या काठावर ऊन आहे. त्याहीपलीकडे, कोडोलीच्या अंगाला, साखर कारखान्याच्या धुराड्याच्या टोकावर तर ते आणखी किती वेळ असते. ज्या सूर्याचे ऊन डोळ्यांनी दिसते तो मावळला असे कोणत्या न्यायाने म्हणता येईल?

“धुराड्यावर हाय,” ते बोट दाखवून म्हणत. “अजून मावळला न्हाय.”

“मग धुराड्यानं जेवावं,” पद्मावतीबाई म्हणत आणि पातेल्यावर झाकण ठेवीत. “माझ्या अंगणात न्हाय तो मावळला.”

हा वाद चाळीस वर्षे चालला आणि अण्णा तो एकदाही जिंकले नाहीत.

पहिल्या वर्षीची गोष्ट. लाकडे ओली निघाली, चूल पेटायला वेळ झाला, आणि ताटे वाढून होतात न होतात तोच अंगण सावलीत गेले. पद्मावतीबाईंनी ताटे झाकली. जिनेश चार वर्षांचा. त्याने भोकाड पसरले. अण्णांनी समोरच्या काठावरच्या उन्हाकडे बोट दाखवले आणि वाद सुरू झाला. तो वाद पाण्यावरून एक माणूस ऐकत होता.

त्याचे नाव नबीलाल. ऊस गाळायच्या हंगामात तो गुऱ्हाळाच्या काहिली डागून देई, म्हणजे रस आटवायच्या त्या लोखंडी कढया जिथे झिजत तिथे ठिगळ मारी. हंगाम संपला की अशीच एक जुनी काहील तलावात घालून तो मासे धरी. काहील म्हणजे वाटोळी, उथळ, पाच-सहा माणसे सहज मावतील एवढी परात म्हणा. महापुरात तिने माणसे तारलेली आहेत, त्यामुळे तिला होडी म्हणण्यास हरकत नाही. फक्त तिला पुढची बाजू नसते आणि मागची नसते.

“वैनी,” नबीलाल काहिलीतून म्हणाला, “मालक म्हणत्यात ते खोटं न्हाय. तिकडल्या काठाला ऊन हाय अजून. बसा ताटं घेऊन, सोडतो.”

पद्मावतीबाईंनी काहिलीत पाहिले. तिथे पाटीभर मासळी होती, दिवसभराची. त्यांची नजर पाटीवरच राहिली. नबीलालने तीही पाहिली. त्याने पाटी उचलली, तलावात पालथी केली, काहील राखेने आणि पाण्याने खळखळून धुतली आणि काठाला लावली.

“आता काय हाय?” तो म्हणाला. “लोखंड हाय निस्तं.”

मगदूम कुटुंब झाकलेली ताटे मांडीवर घेऊन काहिलीत बसले. नबीलाल बांबूने रेटा देई तशी ती भोवऱ्यासारखी फिरे; ज्याच्या तोंडावर ऊन असे त्याच्या पाठीवर ते क्षणात जाई. डोंगराची सावली पाण्यावरून मागे लागली होती. पलीकडच्या काठाला, उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात, चौघे मांडी घालून जेवले. पद्मावतीबाईंनी नबीलालपुढेही भाकरी धरली तेव्हा त्याने मान हलवली.

“रोजा हाय माझा. तुमचं मावळायच्या आत, माझं मावळल्यावर.”

त्या सुमारास दोन-तीन वर्षे रमजान मे महिन्यात येत असे. तेव्हापासून एक रिवाज पडला. रोज संध्याकाळी नबीलाल मंडळींना उन्हात नेऊन सोडी. ती जेवत. मग काठावरचेही ऊन जाई आणि पद्मावतीबाई “मावळला” असा निकाल देत. परंतु नबीलाल एवढ्यावर रोजा सोडीत नसे. सोंडेमागचा सूर्य खरोखर बुडेपर्यंत, कोडोलीहून अजान ऐकू येईपर्यंत, तो थांबे. म्हणजे मधली एक घटका अशी उरे की तीत या पाचांपैकी कोणालाही काही खाता येत नसे. त्या घटकेत ते काहिलीतून सावकाश परत येत. नबीलाल बांबू आडवा ठेवी, काहील आपली आपण फिरे, आणि अण्णा व नबीलाल एकमेकांशी हळू आवाजात लोखंडाविषयी बोलत: मागाचे लोखंड, काहिलीचे लोखंड, कोणते गंजते, कोणते चिरते. मग इंजिनघरातल्या चौथऱ्यावर नबीलाल जेवी, आणि दिवस असतानाच रांधून झाकून ठेवलेले त्याच्या ताटात वाढून पद्मावतीबाई समोर बसत.

त्या पाटीभर मासळीचे काय, हा प्रश्न अण्णांना पुष्कळ दिवस छळत होता. भरपाई द्यावी तर मासळी विकत घेतल्यासारखे होते. न द्यावी तर दुसऱ्याचे बुडवल्यासारखे होते. त्यांनी अखेर नबीलाललाच विचारले.

“तुमी जॉबर हाय न्हवं?” नबीलाल म्हणाला. “माग चालू झाला की झालं. कशानं बंद पडलता ते कोण इचारतंय?”

तो नबीलाल तीन वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी मलिका आता तलावात मासे धरते. तिच्याकडे नवी होडी आहे. काहील इंजिनघराच्या भिंतीला पालथी पडून असते.

पाच वाजता विजयसिंहाची जीप आली. जीपमधले गाणे जीप थांबल्यावरही चालूच राहिले. उंचापुरा, मोकळ्या स्वभावाचा माणूस. त्याने सर्वांना आंब्याचे सरबत दिले, पद्मावतीबाईंना वाकून नमस्कार केला आणि अण्णांच्या कानाशी तोंड नेले.

“काका, आज होऊन जाऊ दे!”

“आँ?”

“जागेचं म्हणतोय मी! भिंती हाय तशाच ठेवणार. हा चौथरा बी ठेवणार, त्याच्यावर काउंटर करतो. भाईरची काहील उभी करून रंगवायची, फोटो काढायला!”

“फोटो कुणाचा?”

“पावण्यांचा वो काका. जी पावणं येतील त्यांचा.”

“काहिलीत बसून?”

“बसून न्हाय. फुडं उभारून.”

अण्णांनी जिनेशकडे पाहिले. जिनेशने जमिनीकडे पाहिले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते: दर पावसाळ्यात दोन पत्रे उडत, नातवंडे गोव्याला जात, गेल्या वर्षी सगळे मिळून इथे एक दिवस काढला, त्यातला निम्मा झाडण्यात गेला. रूपालीचे म्हणणे असे की जागा जाते, आठवण जात नाही. आणि हे म्हणताना ती आपल्या बोल्टकडे पाहत नव्हती. पद्मावतीबाईंचे म्हणणे सर्वांत कठीण होते, कारण ते धर्माचे होते.

“धरून ठेवायचं काय हाय त्यात?” त्या नवऱ्याला ओरडून म्हणाल्या. आता राहत होत्या त्या कोल्हापूरच्या फ्लॅटाखालच्या रस्त्यामुळे अलीकडे त्यांनाही ओरडण्याची सवय लागली होती. “शास्त्र सांगतंय सोडा म्हणून. गुडघं सांगत्यात सोडा म्हणून. तुमचंच काय सुटत न्हाय?”

“मला सांगता येत न्हाय,” अण्णा म्हणाले. हे उत्तर खरे होते. ज्याला मागाच्या आवाजावरून त्याचा बिघाड सांगता येई, त्याला आपल्या मनाचा बिघाड सांगता येत नव्हता.

मग ते उठले, खिशातली किल्ली काढली आणि ती चौथऱ्याच्या एका बोल्टला अडकवली.

“विजयसिंह, ऐक. आज आमी पयल्यासारखं तिकडं जाऊन जेवणार. ही मावळला म्हणाली,” त्यांनी बायकोकडे बोट केले, “की किल्ली उचल. तुझी झाली. तवर हात लावायचा न्हाय.”

विजयसिंह हसला. “काकी, तुमचा किती वाजता मावळतो?”

“माझा एकटीचा हाय व्हय? समद्यांचाच मावळतो,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “बस तू. उशीर हुणार न्हाय. आजपतोर कवा केला न्हाय.”

यात अतिशयोक्ती नव्हती. जिनेशने सुटकेचा निःश्वास टाकला. आईच्या सूर्यास्ताला चाळीस वर्षांत सवलत नव्हती.

मलिका आली ती ओढणी कमरेला खोचून. तिने आणि जिनेशने काहील उताणी केली. आत गंज होता, पण ठिगळे शाबूत होती.

“मासळीचा वास न्हाय ना गं?” पद्मावतीबाईंनी विचारले.

“काकी, अब्बा गेल्यापासनं मीच बघतेय की. मे महिन्यात हिच्यात मासा घालायचा न्हाय, असं सांगून गेल्यात. बाकीचं अकरा म्हैने बी आता पालथीच असती. तुमी बसा निवांत.”

“बुडणार न्हाय न्हवं?” रूपाली म्हणाली.

“बुडाय पाणी पायजे, ताई. औंदा गुडघाभरच हाय.”

“जिनेशदादा मधी बसा,” मलिका पुढे म्हणाली. “कडंला बसलासा तर आमी समदी वर.”

“आमचं वजन काढायला तू काय फरशी मोजतीस का?” जिनेश म्हणाला आणि मध्ये बसला.

ताटे मांडीवर आली: भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी, वाटीत झाकलेला आमरस, आणि वाढायचे उरलेले टोपलीत. मलिकेने बांबूचा रेटा दिला आणि काहील निघाली. निघाली आणि फिरली. जिनेशच्या तोंडावर ऊन आले, मग रूपालीच्या, मग अण्णांच्या. आणि चाळिशी ओलांडलेली ती दोन माणसे अशी हसू लागली की मलिकेला बांबू आवरेना.

“सरळ ने की गं,” पद्मावतीबाई म्हणाल्या.

“काकी, सरळच चाललीया. तुमी फिरताय.”

जीपमधले गाणे हळूहळू मागे पडले. मग बंदच झाले. विजयसिंहाने ते बंद केले असावे, कारण तो आता पाण्याच्या कडेला येऊन कंबरेवर हात ठेवून ही मिरवणूक पाहत होता. डोंगराची सावली काठावरून पाण्यात उतरली आणि मागे लागली. तलावाच्या मध्यावर काहील थरथरली, खरवडली आणि थांबली. मलिकेने एकदा रेटले, दोनदा रेटले.

“गाळात बसली,” ती म्हणाली.

“आता?” रूपालीने विचारले.

“आता उतरून ढकलायचं, न्हायतर हितंच जेवायचं.”

चारी मगदुमांनी मागे वळून सावलीकडे पाहिले. ती अजून चार काठ्या दूर होती. “हितंच,” चौघेही म्हणाले, आणि ताटांवरची झाकणे निघाली.

मलिकेपुढेही भाकरी आली. तिला आज रोजा नव्हता, तिने ती घेतली. तलावावर वारा नव्हता. लांब कोठेतरी पाणकोंबडी बोलली, आणि लोखंडाखालचा गाळ बुडबुडे सोडीत होता. अण्णा काहिलीच्या कडेला टेकून, बायकोकडे पाठ करून, समोरच्या काठाकडे पाहत जेवत होते.

“भाजीत मीठ कमी पडलंय,” पद्मावतीबाई लेकीला म्हणाल्या. लेक शेजारीच होती, त्यामुळे पुटपुटल्याच म्हणा.

“न्हाय, बरोबर हाय,” अण्णा म्हणाले.

त्यांनी मान वळवली नव्हती. पद्मावतीबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. कोल्हापूरच्या फ्लॅटात, जेवताना, समोरासमोर बसून, हेच वाक्य त्यांना तीनदा ओरडावे लागले असते, आणि चौथ्यांदा त्यांनी ते सोडून दिले असते. अलीकडे त्या पुष्कळ वाक्ये सोडून देत. मीठ, औषध, कोणाचा फोन आला, कोण वारले: ओरडून सांगण्याजोगे असे थोडेच असते, म्हणून उरलेले त्या सांगतच नसत.

त्यांनी आवाज आणखी उतरवून पाहिला.

“रस वाढू?”

“अर्धी वाटी,” अण्णा म्हणाले. “आंबा कुठला, आपल्या बांधावरचा?”

“व्हय.”

“वाटलंच. रेषा हायत त्याला.”

रूपालीने घास हातात धरून आईकडे पाहिले. आईने अर्धी वाटी रस वाढला, थोडा जास्तच. मागांच्या आवाजात जन्म काढलेला हा माणूस पाण्यावर गप्प बसून ऐकत होता. बुडबुडे, पाणकोंबडी, भाकरी मोडल्याचा आवाज, सगळेच. त्याच्या ताटातली भाकरी अजून निम्मी होती. तो घाई करीत नव्हता. निकाल कसा लागणार हे त्याला ठाऊक होते आणि त्याची त्याने तक्रारही केली नव्हती.

सावली काहिलीपाशी आली, लोखंडी कडेवरून आत उतरली, जिनेशच्या पाठीवरून ताटांवर आली आणि पलीकडे गेली. मागे सोंडेच्या कडेवर जी एक लाल रेघ उरली होती तीही विझली. क्षणभराने पूर्वेच्या काठावरचे ऊनही गेले. जिनेशने सवयीने ताट बाजूला सारले. मलिका बांबूला टेकून उभी राहिली.

“काका!” पश्चिमेच्या काठावरून विजयसिंहाची हाक पाण्यावरून स्पष्ट आली. “मावळला की वो!”

“तू कोण सांगणार?” अण्णा तिकडे न पाहता, साध्या आवाजात म्हणाले. ते काठावर ऐकू जाणे शक्य नव्हते. मग त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, बोटे वाटीवर धरली आणि बायकोकडे वळले. चाळीस वर्षे ज्या शब्दाशी ते भांडले तो शब्द आता ऐकायचा होता, आणि आज त्यांनी वादाला तोंडही उघडले नाही.

पद्मावतीबाईंनी आधी मागे, डोंगराकडे पाहिले. तिथे काही नव्हते. समोरच्या काठाकडे पाहिले. तिथेही काही नव्हते. मग कपाळावर आडवा हात धरून त्यांनी काठाच्या वरून, उसाच्या वरून, कोडोलीच्या झाडांच्याही वरून लांब नजर टाकली, आणि ती बराच वेळ तिथेच ठेवली. तिथे, कारखान्याच्या उंच धुराड्याच्या टोकाला, बोटभर तांबूस ऊन चिकटून होते.

त्यांनी टोपलीतून अर्धी भाकरी मोडून नवऱ्याच्या ताटात टाकली.

“धुराड्यावर हाय अजून,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “जेवा सावकाश.”